उतारावर राहणाऱ्यानं उत्तर खिशात ठेवावं

पोरी,

तुला बचत गटाची सचिव केलं, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. "तुझ्या मावशीनं अकरा वर्षं पेटी सांभाळली, तिला विचार," असंही तिनंच तुला म्हटलं म्हणे. अकरा वर्षं सांभाळली हे खरं. पण त्यातलं पहिलं दीड वर्ष कसं सांभाळलं हे तुझ्या आईला माहीत नाही. ते खाली येईलच.

तू कानमंत्र मागितलास, पण यात कानात सांगण्यासारखं काही नाही. सगळं चारचौघींत मोठ्यानं बोलायचं आहे. चहा ठेव, खाली बस आणि एका दमात वाचू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

१. पैसे हातात आले की त्याच जागी, देणारीच्या देखत लिही — "घरी जाऊन लिहिते" म्हणणारीच्या घरी भाकरी, लेकरं आणि गेलेली लाईट वाट बघत असते.

२. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखव, शिकलेल्या बायकांनाही — अंगठा करणारीला पान दिसत नाही पण आवाज ऐकू येतो, आणि शिकलेली सहसा पान बघतच नाही.

३. आकडा चुकला तर एकच आडवी रेघ मार, वर बरोबर आकडा लिही, बाजूला सही कर. ते पांढरं पुसायचं औषध घरात आणू नकोस — पांढऱ्या डागाखाली काय होतं याची गोष्ट गाव आपली आपण रचतं, आणि गावानं रचलेली रक्कम खऱ्यापेक्षा कधीच कमी नसते.

हसू नकोस. लिहिण्याची एवढी काळजी करणारी मी पहिली नाही. घनसावंगी तालुक्यातलं आपलं जांब, समर्थांचं जन्मगाव. त्यांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास निव्वळ लिहावं कसं यावर घातला आहे. ब्रह्म आणि माया सांगणाऱ्या माणसाला काना-मात्रेची, शाईची, लेखणीची इतकी फिकीर; आम्ही तर महिन्याला वीस वीस रुपये गोळा करणाऱ्या बायका.

४. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या, वही तिसरीच्या — तीन घरांत राहणारी पेटी मोहालाही उघडत नाही आणि आळालाही.

५. बैठक ठरल्या तारखेलाच घे, तिघीच आल्या तरी तिघींची घे — एक बैठक चुकली की दुसरीला येताना पाय जड होतात, आणि तिसरीला न येण्याचं कारण आधीच तयार असतं.

गटाच्या प्रशिक्षणात तुला पंचसूत्री पाठ करायला लावतील: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित लेखे. पाचांच्या पाचांत 'नियमित' आहे बघ. नाबार्डनं १९९२ साली गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग केला, तो पाचशे गटांपासून. तोवर आपल्यासारख्यांना बँकेची पायरी माहीत नव्हती. नावावर जमीन नाही, दागिना असला तर आधीच सावकाराकडे. मग बँकेनं कशाच्या जोरावर पैसे द्यायचे? दहा ते वीस बायका एकमेकींना ओळखतात, एकीची शेळी कधी व्याली हे दुसरीला ठाऊक असतं, या जोरावर. आमच्याकडे तारण नव्हतं, शेजारीण होती. म्हणून शेजारणीचा विश्वास गेला तर नुसती मैत्रीण जात नाही, बँकेतली पत जाते.

आता माझं दीड वर्ष.

पेटी माझ्याकडे येऊन आठ महिने झाले होते. तेव्हा पेटीही माझ्याकडे, किल्लीही माझ्याकडे, वहीसुद्धा. वरचा चौथा मंत्र मी जन्मजात घेऊन आले नव्हते. धाकट्याला ताप भरला, तालुक्याला नेलं, तपासण्या लिहून दिल्या. घरात कापूस होता, पैसा नव्हता. कापसाचं माप गुरुवारी व्हायचं होतं. रात्री ओसरीवर कंदील घेऊन बसले, पेटी उघडली, सहाशे रुपये काढले. गुरुवारी कापसाचे आले, शुक्रवारी सहाशे परत ठेवले, रविवारी बैठक. हिशेब पैशाला पैसा जुळला. मला वाटलं, झालं.

पुढच्या महिन्यात बघते तर एकीनं नोटा मोजून दुसरीकडे दिल्या, दुसरीनं परत मोजून तिसरीकडे. कोणी काही बोललं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मी घरी येऊन भांडी आपटली. "एवढं करून माझ्यावर संशय," असं म्हणत तुझ्या काकांचं डोकं खाल्लं. ते बिचारे गप्प, कारण सहाशेचं त्यांनाही सांगितलं नव्हतं. ओसरीवरचा कंदील समोरच्या घरातून दिसतो, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. जवळजवळ वर्ष असं गेलं. मग एक दिवस कापूस वेचताना गटातली सगळ्यात म्हातारी बाई शेजारच्या ओळीत आली आणि वर न बघता म्हणाली, "मागितले असतेस तर आम्ही बाराशे दिले असते."

बोंड हातात तसंच राहिलं. पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं, आणि त्या जुन्या महिन्याच्या पानावर तारखेसकट लिहून खाली सही केली. कोणी रागावलं नाही, कोणी पाठही थोपटली नाही. त्या दिवशीच पेटी, किल्ली आणि वही वेगळ्या झाल्या, मीच करायला लावल्या. सहाशे परत ठेवायला मला तीन दिवस लागले होते. नोटांची दुसरी मोजणी थांबायला, सांगितल्यानंतरही, चार महिने लागले.

६. गरज पडली तर माग, परत ठेवायच्या बोलीवरही आपल्या हातानं घेऊ नकोस — मागितलेलं कर्ज असतं आणि ते फिटतं. उचललेलं परत केलं तरी उचललेलंच राहतं.

७. जावेला, नणंदेला किंवा तुला स्वतःला कर्ज द्यायचा विषय निघाला की वही दुसरीकडे दे आणि बाहेर जाऊन तुळशीला पाणी घाल — रुसलेली जाऊ दिवाळीला येते, रुसलेला गट येत नाही.

८. चूक झाली तर त्याच आठवड्यात सांग, कोणी पकडायची वाट बघू नकोस — झाकलेल्या शिळ्या भाजीसारखंच असतं ते, झाकण निघायच्या आधी वास पोहोचतो.

९. सांगताना "पण" नको. "माझ्याकडनं राहिलं, उद्या करते," इतकंच — "पण" आला की ऐकणारीचे कान मिटतात आणि तोंड उघडतं.

१०. थकलेल्या बाईचं नाव मोबाईलच्या ग्रुपवर टाकू नकोस, दुपारी तिच्या घरी जा आणि आधी पाणी माग — लाजवलेली बाई हप्ता देत नाही, गट सोडते. बसल्या बसल्या हेही विचार, की आणखी कुठल्या कंपनीचा हप्ता चालू आहे. बऱ्याचदा तिथंच गाठ असते, आणि ती गाठ तिनं नवऱ्यालाही दाखवलेली नसते.

दहावा मी दोनदा मोडला आहे. दोन्ही बायका अजून मला बाजारात बघून रस्ता बदलतात. यावर जास्त लिहीत नाही.

तुला वाटेल, मावशीचं सगळं पेटीभोवतीच फिरतं. तसं नाही. उत्तर द्यावं लागतं ते फक्त पैशाचं, असं मीही समजत होते, कडवंची बघेपर्यंत. आम्ही गटाच्या बायका टेम्पो करून गेलो होतो. कडवंची आपल्याच जालना तालुक्यातलं. तिथं १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं काम झालं. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र चालवणाऱ्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं ते उभं केलं, विजयअण्णा बोराडे त्यामागं होते. आम्हाला वाटलं द्राक्षं बघायची. दाखवणाऱ्यानं आधी माथ्यावर नेलं, उन्हात, चपला घासत. तिथं काय तर चर आणि बांध.

त्यानं समजावलं ते असं: काम माथ्याकडून पायथ्याकडं करत यायचं. वरच्यानं आपल्या रानात बांध घातला नाही तर पाणी त्याच्या रानातून सुटतं आणि खालच्याची माती घेऊन जातं. खालच्यानं कितीही मजबूत बांध घातला तरी वरच्याच्या आळसापुढं तो टिकत नाही. वर जिरलेलं पाणी मात्र खालच्याच्या विहिरीत निघतं. म्हणजे घाम एकाचा आणि पाणी दुसऱ्याचं. शिवाय चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. चराईबंदी म्हणायला सोपी आहे गं. ज्याच्या चार शेळ्यांवर घर चालतं त्याला ती किती महाग पडते ते शेळ्या राखणाऱ्यालाच विचार. गाव एकमेकांना बांधलं गेलं तेव्हाच ते जमलं. २०१२ च्या दुष्काळात आपल्याकडं मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावली. कडवंचीच्या द्राक्षबागा उभ्या राहिल्या.

येताना टेम्पोत कोणी बोलत नव्हतं. मी तेव्हा मनात म्हटलं, उतारावर राहणाऱ्यानं उत्तर खिशात ठेवावं. आणि पोरी, उतारावर नाही असं आपल्यात कोण आहे? प्रत्येकीच्या खाली कोणीतरी आहेच.

११. नांगरटीला ट्रॅक्टर लावायच्या आदल्या दिवशी बांधाला बांध असलेल्याला हाक मार, जमलं तर त्याला उभं कर — फाळ वीतभर सरकला तर भावकीतलं बोलणं वीस वर्षं बंद पडतं, आणि नंतर मोजणी आणून वीत सापडते, बोलणं सापडत नाही.

१२. सामाईक विहिरीवर आपली मोटार पाळीपेक्षा तासभर जास्त चालली तर उजाडायच्या आत जाऊन सांग, "तुझा तास माझ्याकडं" — रात्रीच्या लाईटीत झोप लागणं हा गुन्हा नाही, सकाळी गप्प बसणं आहे.

१३. शेततळं करणार असाल तर ते कशानं भरणार हे आधी घरात ठरवा आणि मग शेजारच्या विहिरवाल्याला सांगा — पावसाचं वाहतं पाणी धरलं तर ते तळं, विहिरीतलं उपसून प्लॅस्टिकवर उन्हात ठेवलं तर ती सगळ्यांच्या जमिनीखालच्या पेटीतनं काढलेली रक्कम.

या तेराव्यावर तुझ्या नवऱ्याचं आणि माझं पटणार नाही, मला माहीत आहे. २०१६ पासून मागेल त्याला शेततळं मिळायला लागलं आणि शिवारात निळी-काळी चौकोनं दिसू लागली. त्यांनी बागा जगवल्या, ते मी नाकारत नाही. कडवंचीच्या बागांनाही शेततळ्यांनीच हात दिला. पण श्रावणात विहिरी भरल्या की मोटार लावून तळं भरायचं, आणि फाल्गुनात शेजारणीची विहीर का आटली म्हणून आभाळाकडं बघायचं, हे मला पटत नाही. माथ्यावर सगळ्यांनी मिळून जिरवलेलं पाणी एकट्यानं उपसलं तर श्रमदानाचा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा? जावईबापूंना सांग, सासूबाईंपेक्षा मावशी कडक आहे.

१४. फवारणी झाली की बांधाच्या झुडपाला लाल चिंधी बांध आणि शेळ्या वळणाऱ्या पोराला सांगून ठेव — गवत हिरवंच दिसतं, त्यावर काय पडलंय ते जनावराला वाचता येत नाही.

१५. कोणी हिशेब मागितला की तोंड वाकडं करू नकोस, वही पुढं कर — मागणारी बहुतेक वेळा तुझ्यावर नाही, स्वतःच्या आठवणीवर संशय घेत असते.

हे मी माझ्या आजीकडनं शिकले. १९७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांची. खडी फोडायला आम्ही घरातल्या तिघी जायचो, सुकडी मिळायची, आठवड्याला पगार. मस्टर मुकादमाकडं. आजीला अक्षर येत नव्हतं, पण रोज संध्याकाळी ती चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर तीन रेघा ओढायची, एकेकीची एक. एका आठवड्यात मस्टरावर तिघींचे मिळून चार दिवस कमी निघाले. आजीनं भांडण केलं नाही. मुकादमाला घरी बोलावलं, गूळ-पाणी दिलं आणि भिंत दाखवली. तो भिंतीकडं बघत राहिला. त्यानं मुद्दाम केलं होतं की गर्दीत त्याचं चुकलं होतं, देव जाणे. हजार माणसांवर एक मुकादम होता. चार दिवस मिळाले. आणि पुढच्या आठवड्यापासून तो स्वतः ओरडून हजेरी वाचायला लागला, पान मिटायच्या आधी. भिंत होती आमची, पण सवय लागली त्याला.

आजी म्हणायची, रेघ विश्वासाची सवत नाही, जाऊ आहे. दोघी एका घरात नांदतात, फक्त चूल वेगळी.

१६. ग्रामसभेला जा, आणि एकटी नको, गट घेऊन जा — एकटी बाई उठली तर "ही कोण?" म्हणतात, पंधरा उठल्या तर खुर्च्या मागवतात.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हवीत. नाहीतर सभा तहकूब. आमच्याकडं तहकूब हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकलाय की एका म्हातारीला ते साहेबांचं आडनाव वाटायचं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा असते, तिथं तरी तोंड उघड. १ मे ला जी सभा असते ना, त्याच तारखेला १९८१ साली आपला जालना जिल्हा औरंगाबादेतून वेगळा झाला. वाढदिवसाला तरी घरातल्यांनी जमावं.

१७. उद्या तू पंचायतीत बसलीस (बसशील, माझं ऐक) तर खर्चाचा कागद कोणी मागायच्या आधी भिंतीवर लाव — माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांना पडतो, पण तो येईपर्यंत गावानं मनात निकाल दिलेला असतो. महाराष्ट्राचा असा कायदा २००२ चा, अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतरचा. देशाचा २००५ चा. आमच्या गावातल्या एका पोरानं तो सभेत वाचून दाखवला होता. त्यातलं चौथं कलम मला फार आवडलं: अर्जाची वाट न बघता कार्यालयानं आपणहून काय काय मांडून ठेवायचं त्याची लांबलचक यादी. म्हणजे कंदील ओसरीवर लावायचाच असेल तर पेटी सगळ्यांसमोर उघड, इतकंच ते दिल्लीच्या भाषेत लिहिलंय.

१८. सप्ताहाची वर्गणी, लग्नाचा आहेर, मंदिरातनं आणलेली पंगतीची भांडी: मोजून आण, मोजून दे, देताना समोरच्याला मोजायला लाव — हरवलेला चमचा नवा घेता येतो, "तिच्याकडनंच हरवला" हे परत घेता येत नाही.

१९. "फाट्यावर आहे, आलेच पाच मिनिटांत" असं सांगू नकोस, जालन्याहून निघाली नसलीस तर — तुझी पाच मिनिटं म्हणजे वाट बघणारीचं एक दूध उतू.

२०. आणि शेवटी हे ऐक. सगळ्यांना सगळ्याचं उत्तर द्यायला जाऊ नकोस — ज्याची माती तुझ्या पाण्यानं वाहते त्याला उत्तर दे. पारावर बसून तुझ्या साडीचा रंग मोजणाऱ्याच्या रानाला तुझं पाणी लागत नाही. हे मला पन्नाशीनंतर कळलं. त्याआधी मी पाराला उत्तरं देत बसले आणि गटाला दिली नाहीत, अगदी उलटं.

माझी जुनी वही तुझ्या आईबरोबर पाठवते आहे. कोपरे कुरतडलेत, पण वाचता येते. एक पान दुमडलेलं आहे, ते सहाशेचं. बैठकीत वाचून दाखवायचं असलं तर दाखव, माझी ना नाही. नाव माझंच आहे, सहीही माझी.

आणि हो, दीड वर्षापूर्वी तुझ्या लेकराच्या जावळाच्या पंगतीला तुझ्या आईनं माझं मोठं पितळी पातेलं नेलं होतं. वही घेऊन निघेल तेव्हा मी काही बोलणार नाही. तू सचिव आहेस, तूच विचार.

तुझी
मावशी